रक्तस्राव, जुलाब आणि ‘शॉक’ : ओळख व उपचार

वार्षिक अहवालातील आकडेवारी व ताळेबंद यांच्या जोडीला एखाद्या आरोग्यविषयावर सविस्तर लेख देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा निवडलेल्या विषयाचे नाव बहुतेक वाचकांच्या परिचयाचे आहे. मात्र त्या नावाचा जो अर्थ सर्वसामान्यपणे घेतला जातो, तो वैद्यकीय अर्थाहून अगदी निराळा आहे आणि या फरकापायी रुग्णाचा मोलाचा वेळ वाया जातो.

‘शॉक बसला’ असे आपण विजेच्या धक्क्याविषयी म्हणतो, किंवा एखादी दुःखद वार्ता ऐकून कोणी सुन्न झाले तर म्हणतो. त्यामुळे अपघात विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना ‘पेशंट शॉकमध्ये आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले, की ‘घाबरला असेल हो, जरा पाणी पाजा, धीर द्या’ अशी प्रतिक्रिया हमखास उमटते. वैद्यकशास्त्रात शॉक म्हणजे शरीरातील पेशींना जगण्यास पुरेल एवढा प्राणवायू रक्तावाटे न पोहोचणे. मनाच्या अवस्थेशी त्याचा संबंध नाही. हृदय दुबळे पडल्याने, रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याने किंवा एखाद्या औषधाच्या तीव्र ॲलर्जीनेही शॉक येतो. परंतु प्रस्तुत लेखात आम्ही एकाच प्रकाराचा विचार करणार आहोत. तो म्हणजे रक्त अथवा शरीरातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात निघून गेल्यामुळे येणारा शॉक. आपल्या ग्रामीण भागात तो तीन वाटांनी येतो : अपघात, बाळंतपण आणि जुलाब-उलट्या. तिन्ही ठिकाणी वेळेवर ओळख पटली तर बहुसंख्य रुग्ण वाचू शकतात, म्हणूनच हा विषय घेतला आहे.

रक्तदाबाचा आकडा उशिरा का उतरतो?

प्रौढ माणसाच्या शरीरात वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसात चार ते पाच लिटर. लहान मुलांत हे प्रमाण किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर असते. पण दहा किलोच्या बाळाचे एकूण रक्त अवघे पाऊण लिटरच्या आसपास भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे मोठ्या माणसाच्या दृष्टीने क्षुल्लक वाटणारा रक्तस्राव बाळाला केवढा महागात पडतो याची कल्पना येईल.

गावच्या नळयोजनेचे उदाहरण येथे उपयोगी पडते. उन्हाळ्यात टाकीतील पाणी घटले, की पाणी सोडणारा माणूस काही आळ्यांचे वॉल्व्ह बंद करतो आणि उरलेले पाणी मुख्य वाहिनीत टिकवून धरतो. टाकीजवळच्या काट्यावर दाब ठीक दिसतो, पण कडेच्या वस्तीत हंडे कोरडे असतात. शरीर नेमके हेच करते. रक्त कमी होऊ लागताच त्वचा, हातपाय, आतडी आणि मूत्रपिंड यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हृदय जलद धावू लागते. जे काही रक्त शिल्लक आहे ते मेंदू आणि हृदय यांच्यासाठी राखून ठेवले जाते. परिणामी रक्तदाब मोजण्याच्या यंत्रावर वरचा आकडा ११० किंवा १२० असाच दिसत राहतो.

धडधाकट तरुणाचे १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे पाऊण लिटरपर्यंत रक्त गेले तरी वरवर फारसे काही जाणवत नाही. १५ ते ३० टक्क्यांच्या टप्प्यात नाडी शंभरावर जाते, श्वास वाढतो, हातपाय गार पडू लागतात आणि रुग्ण अस्वस्थ होतो. पण वरचा रक्तदाब बहुधा टिकून असतो. ३० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे सुमारे दीड लिटर रक्त गमावल्यानंतर तो घसरू लागतो. ४० टक्क्यांपलीकडे जीव धोक्यात असतो. ही विभागणी पाठ्यपुस्तकी आहे, प्रत्यक्षात रुग्णागणिक फरक पडतो. तरीही तिच्यातून निघणारी गोष्ट पक्की आहे : रक्तदाब घसरला तेव्हा शॉकला सुरुवात झाली असे नसून त्या वेळी शरीराची झुंज संपत आलेली असते. ‘बीपी नॉर्मल आहे, काळजीचे कारण नाही’ हे वाक्य रक्तस्रावाच्या रुग्णाबाबत उच्चारण्यापूर्वी फार विचार करावा लागतो.

हिमोग्लोबिनच्या अहवालाचेही तसेच. रक्त वाहून गेल्यावर उरलेल्या रक्ताचा दाटपणा लगेच बदलत नाही. घागरीतून निम्मे ताक सांडले तरी उरलेले ताक तितकेच दाट असते; पाणी मिसळेल तेव्हाच ते पातळ होणार. म्हणून अपघातानंतर तासाभरात तपासलेले हिमोग्लोबिन १२ आले, यावरून रक्तस्राव नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

मग ओळखावे कशावरून?

यंत्राविना, केवळ हाताच्या बोटांनी व डोळ्यांनी बरेच काही समजते. प्रथम रुग्णाच्या हाताला स्पर्श करावा. शॉककडे झुकणाऱ्या रुग्णाचे हात व पावले गार, फिकट आणि घामाने ओलसर लागतात, उकाड्याच्या दिवसांतही. त्याच वेळी मनगटाची नाडी पाहावी. ती जलद आणि बारीक, दोऱ्यासारखी लागते. पुढे पुढे मनगटाला लागेनाशी होते आणि केवळ मानेशी जाणवते. रुग्णाचे नख पाच सेकंद दाबून सोडावे. पांढरा पडलेला भाग साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. गारठ्यात याला अधिक वेळ लागू शकतो, तेव्हा एकट्या या खुणेवर विसंबू नये.

लघवी ही आणखी एक विश्वासू साक्षीदार आहे. मूत्रपिंडाकडे रक्त कमी गेले की लघवी कमी होते. प्रौढाला ताशी प्रत्येक किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर आणि बालकाला एक मिलिलिटर लघवी व्हावी अशी अपेक्षा असते. घरच्यांना मिलिलिटरचा हिशेब ठेवता येत नाही. पण ‘बाळाने सकाळपासून लंगोट ओला केलेला नाही’ हे आईला नेमके ठाऊक असते, आणि तेवढे सांगितले तरी आम्हांला पुष्कळ कळते.

मनाची अवस्थाही बोलकी असते. आधी रुग्ण बेचैन होतो, हातपाय आपटतो, पाणी मागतो, क्वचित शिवीगाळही करतो. मग गप्प होतो. बाहेरगावचा अपघातग्रस्त असा वागू लागला की ‘दारू प्यायलेला दिसतो’ असे म्हणून बघे बाजूला होतात. तो प्यायलेला असेलही. पण मेंदूला प्राणवायू अपुरा पडत असतानाही माणूस असाच वागतो. आणि आरडाओरडा करणारा रुग्ण अचानक शांत झाला, तर त्याला बरे वाटू लागले असे समजणे घातक ठरते.

आकड्यांत सांगायचे तर आमच्या परिचारिकांना आम्ही एक सोपे गणित शिकवतो. दर मिनिटाची नाडी आणि वरचा रक्तदाब शेजारी शेजारी लिहावेत. निरोगी माणसात नाडीचा आकडा रक्तदाबाच्या निम्म्याहून थोडा अधिक असतो, उदाहरणार्थ ७२ आणि १२०. नाडी वर सरकत रक्तदाबाच्या जवळ आली, की सावध व्हायचे. नाडी ११८ आणि रक्तदाब ११० असेल, तर दोन्ही आकडे सुटे पाहणाऱ्यास फारसे भयावह वाटणार नाहीत, पण एकत्र पाहिले तर नाडीने रक्तदाबाला मागे टाकलेले आहे. अशा रुग्णाला रांगेत बसवून ठेवता येत नाही.

काही रुग्ण मात्र या खुणांनाही चकवा देतात. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांची नाडी रक्त गेले तरी वाढत नाही. नेहमी १६० असणारा त्यांचा रक्तदाब ११० झाला, तर तो ‘नॉर्मल’ नसून उतरलेला असतो. बालकांचा रक्तदाब शेवटच्या घटकेपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. गर्भवतीच्या शरीरात रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट झालेले असते, त्यामुळे ती बराच रक्तस्राव सहन करत असल्याचे भासते. मात्र ती मुळात पंडुरोगी असेल, तर थोडा रक्तस्रावही तिला झेपत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, हे या संदर्भात विसरून चालणार नाही.

न दिसणारे रक्त

जमिनीवर सांडलेले रक्त सर्वांना दिसते. शरीराच्या आत साठणारे रक्त कोणालाच दिसत नाही. मांडीचे हाड मोडले तर त्या मांडीतच एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. कंबरेचे हाड फुटले, प्लीहा अथवा यकृत फाटले, छातीच्या पोकळीत रक्त उतरले, तर माणसाचे बहुतेक रक्त बाहेर एक थेंबही न येता नाहीसे होऊ शकते. ट्रॅक्टर उलटून स्टिअरिंगखाली दबलेला चालक, बैलाने पोटात शिंग मारलेला शेतकरी, विहिरीचे काम करताना पडलेला मजूर हे सारे अंगावर साधे खरचटलेले असूनही आतून रिते होत असतात.

तरुण विवाहितेच्या बाबतीत आणखी एक शक्यता सदैव मनात ठेवावी लागते. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत रुजला आणि ती नळी फुटली, तर पोटात रक्ताचे तळे साचते. अशी एक पंचविशीच्या आतील स्त्री सासूबाईंबरोबर आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली होती. ओटीपोटात दुखते आणि उभे राहिले की चक्कर येते, एवढीच तक्रार. ‘कालपासून काही खाल्लं नाही तिनं, दुसरं काय?’ असे सासूबाईंचे म्हणणे. केसपेपर करणाऱ्या सिस्टरनी रक्तदाब घेतला, तो १०४ होता. नाडी १२४ भरली. त्यांनी हात धरून पाहिला आणि विचारले, ‘मावशी, हिची पाळी चुकली होती का?’ सासूबाईंना कल्पना नव्हती. सुनेने मान डोलावली. रांग तिथेच थांबवून तिला आत घेतले. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले आणि तासाभरात ती शस्त्रक्रियागृहात होती. पोटातून दीड लिटरहून अधिक रक्त काढावे लागले. सहाव्या दिवशी ती घरी गेली. दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याची सवय नसती, तर तिची पाळी येईपर्यंत ती बाकावरच बसून राहिली असती.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत

बाहेर वाहणारे रक्त थांबवणे हे पहिले काम, आणि ते जवळ असलेल्या कोणालाही करता येते. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने जोराने दाबून धरावे. दहा मिनिटे हात हलवू नये. थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला कापड उचलले, तर तयार होत असलेली गुठळी निघून येते. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे. हळद, कॉफी, चुना, राख यांनी जोराचा रक्तस्राव थांबत नाही. पुढे जखम धुताना मात्र आमचा अर्धा तास जातो. जखमेत रुतलेला विळा, सळई किंवा काच उपसू नये. तिच्या बाजूंनी दाब द्यावा.

हातपाय तुटला असेल किंवा दाबूनही रक्ताची धार थांबत नसेल, तर जखमेच्या वर, हृदयाच्या दिशेला, घट्ट पट्टा आवळावा लागतो. तो निदान दोन-अडीच इंच रुंद असावा. सुतळी किंवा तार मांसात रुतते आणि रक्त मात्र थांबत नाही. पट्टा बांधल्याची वेळ चिठ्ठीवर किंवा रुग्णाच्या अंगावरच लिहावी. (सर्पदंशात असे आवळून बांधणे चुकीचे आहे. दोन्ही गोष्टींची गल्लत गावोगाव होते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.)

रुग्णाला आडवे झोपवावे. ‘हवा लागू द्या’ म्हणून त्याला खुर्चीत बसवू नये. उभे तर मुळीच करू नये. गर्भवतीला डाव्या कुशीवर वळवावे. ओले कपडे काढून कोरडे पांघरूण घालावे. याचे कारण केवळ रुग्णाची सोय एवढेच नाही. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव वाढतो. पावसाळ्यात उघड्या टेंपोतून भिजत आणलेला जखमी या दुहेरी संकटात सापडतो.

पाण्याविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. जखमी रुग्ण पाण्यासाठी जीव टाकतो आणि त्याला नकार देणे घरच्यांना निर्दयपणाचे वाटते. परंतु पोटात पाणी असताना भूल द्यावी लागली, तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तेव्हा ओठ ओले करावेत, पाजू नये. जुलाब-उलट्यांच्या रुग्णाला हा नियम लागू नाही. शुद्धीवर असेल तर त्याला पाजलेच पाहिजे. त्याविषयी पुढे येईल.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. फोन करताना गाव, फाटा आणि जवळची खूण सांगावी. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने अनेकजण रस्त्यावरच्या जखमीला हात लावत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच असा निर्णय दिला आहे, की कायदेशीर सोपस्कारांची वाट न पाहता जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. मदत करणाऱ्या नागरिकास त्रास होऊ नये म्हणून न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. जखमीला आणून सोडणाऱ्याने नाव सांगितलेच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

सलाईनची बाटली आणि तिच्या मर्यादा

आपल्याकडे सलाईनवर जनतेची अपार श्रद्धा आहे. अशक्तपणा वाटला तरी ‘एक बाटली लावा’ असा आग्रह धरला जातो. या बाटलीचा जन्म शॉकच्याच उपचारातून झाला, हे फारसे कोणाला माहीत नसते. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये पटकीची साथ आली असता विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासून दाखवले, की त्यातील पाणी व क्षार निघून गेलेले असतात. (हेच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आले आणि भारतातील तारयंत्राच्या उभारणीमुळे इतिहासात राहिले.) त्यांच्या कल्पनेवरून स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. टॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये एका वृद्ध, मरणासन्न स्त्रीच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. तीन लिटरहून अधिक द्रव गेल्यावर तिची नाडी परतली, हातपाय उबदार झाले, ती बोलू लागली. डॉक्टर तिला दुसऱ्यावर सोपवून निघून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, शिरेतून पुन्हा काही दिले गेले नाही आणि काही तासांत ती दगावली. गेलेले भरून काढणे आणि जात असलेले मोजत राहणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी रुग्णाजवळ माणूस बसावा लागतो.

रक्तस्रावाच्या शॉकमध्ये आम्ही दोन्ही हातांत जाड सुया लावतो, कारण बारीक सुईतून द्रव पुरेशा वेगाने जात नाही. सुया लावतानाच रक्तगटासाठी नमुना काढला जातो. रिंगर लॅक्टेट किंवा नॉर्मल सलाईन कोमट करून सुरू केले जाते. नातेवाइकांना ‘ताकदीची’ वाटणारी ग्लुकोजची बाटली येथे निरुपयोगी असते. ते पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही. तथापि सलाईनचा माराही योग्य नाही. सलाईन प्राणवायू वाहून नेत नाही, उरलेले रक्त पातळ करते आणि दाब वाढवून नुकतीच बसलेली गुठळी उखडते. पूर्वी अशा रुग्णाला बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या जात. आता सुमारे एक लिटरनंतर रक्ताकडे वळावे, आणि रक्तस्राव थांबेपर्यंत मनगटाची नाडी लागेल व रुग्ण बोलेल इतपतच दाब राखावा, असे धोरण आहे. डोक्याला मार असेल तर मात्र मेंदूसाठी अधिक दाब लागतो.

मोठ्या रक्तस्रावात लाल पेशींबरोबर प्लाझ्मा व प्लेटलेट्सही द्यावे लागतात, अन्यथा दिलेले रक्त गोठतच नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध येथे मोलाचे ठरले आहे. जपानमधील ओकामोतो दांपत्याने १९६० च्या दशकात शोधलेले हे औषध तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींच्या अभ्यासात त्याने मृत्यू कमी होतात असे दिसले, पण ते तीन तासांच्या आत दिले तरच. उशिरा दिल्यास अपाय होऊ शकतो.

हे सारे उपचार वेळ मिळवून देण्यासाठी असतात. फाटलेली प्लीहा किंवा फुटलेली नळी बाटलीने शिवली जात नाही. म्हणून शॉकमधील रुग्णाला ‘आधी स्थिर करू, मग शस्त्रक्रिया’ हा क्रम नेहमी पाळता येत नाही. कित्येकदा शस्त्रक्रिया केल्याखेरीज तो स्थिर होतच नाही. संमतीपत्रावर सही करण्यासाठी गावाहून मोठ्या भावाची वाट पाहणाऱ्या कुटुंबीयांना आम्ही हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावतो.

बाळंतपणातील रक्तस्राव

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त जात असते. बाळ व वार बाहेर पडल्यावर गर्भाशय आवळला गेला नाही, तर किती मिनिटांत काय होईल याचा हिशेब वाचकांनीच करावा. येथे खरी अडचण मोजण्याची आहे. रक्त चादरीत, साडीत, गादीत जिरते, गर्भजलात मिसळते आणि अनुभवी नजरही फसते. बेळगाव येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह याचा अभ्यास केला. बाळंतिणीखाली अंतरण्याची, खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी वापरून पाहिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार नजरेने केलेला अंदाज पिशवीतील मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरत होता. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात वापरून पाहिलेल्या या साध्या साधनासारख्याच पिशव्या पुढे आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांतील अभ्यासात वापरल्या गेल्या. मोजणी आणि सर्व उपचार एकदम सुरू करणे यांची सांगड घातल्यावर तेथे गंभीर रक्तस्राव व त्याचे दुष्परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये जाहीर झाले.

‘एकदम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पूर्वी एक औषध द्यायचे, वाट पाहायची, मग दुसरे, अशी पद्धत होती. आता गर्भाशयाला बाहेरून मालीश, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून द्रव आणि जखम अथवा वारेचा तुकडा राहिला आहे का याची तपासणी ही कामे पंधरा मिनिटांच्या आत एकाच वेळी सुरू केली जातात. पिशवीत ५०० मिलिलिटर जमेपर्यंत थांबायचे नाही. ३०० च्या आसपास पोहोचल्यावर नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तरी उपचार सुरू करायचे. घरी गेलेल्या बाळंतिणीबाबत साधी खूण अशी : एक जाड घडी तासाभरात पूर्ण भिजत असेल, तर सकाळची वाट न पाहता निघावे.

जुलाबात वाहून जाणारे पाणी

रक्त न सांडताही शॉक येतो, हे पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की दिसते. पटकीच्या रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पोटाची चिमटीत धरलेली त्वचा सोडल्यावर हळूहळू बसणारी, बाळ मरगळलेले आणि रडताना अश्रू नसलेले अशी त्याची लक्षणे.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात करवून ते रुग्णांच्या आप्तांच्या हाती दिले आणि पेल्याने पाजण्यास सांगितले. सुमारे ३० टक्के असलेला मृत्यूदर चार टक्क्यांच्या खाली आला. आतड्यात ग्लुकोज शोषले जाताना मीठ व पाणीही आत ओढले जाते, जुलाब चालू असतानासुद्धा. एवढ्याच तत्त्वावर ‘ओआरएस’ उभे आहे. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी पूर्ण रिकामे करावे. अर्ध्या ग्लासात चिमूटभर टाकणे किंवा चवीसाठी वर साखर घालणे दोन्ही अपायकारक. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याने पुन्हा सुरू करावे. आईचे दूध बंद करू नये. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेये ओआरएसची जागा घेत नाहीत, डब्यावर काहीही लिहिलेले असो.

मात्र रुग्ण झोपाळलेला असेल, पिऊ शकत नसेल, नाडी लागत नसेल, तर तोंडाने देण्याची वेळ टळलेली असते. येथे रक्तस्रावाच्या अगदी उलट, द्रव भरपूर व वेगाने द्यावा लागतो. किलोमागे एकूण १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट दिले जाते. त्यातील पहिले ३० मिलिलिटर मोठ्यांना अर्ध्या तासात व वर्षाच्या आतील बाळाला तासाभरात, आणि उरलेले ७० अनुक्रमे अडीच व पाच तासांत. तीव्र कुपोषित बालकांचा हिशेब वेगळा असतो, त्यांच्या हृदयाला हा ओघ पेलत नाही. डेंग्यूतही ताप उतरताना रक्तातील पाणी वाहिन्यांबाहेर झिरपून शॉक येतो. रक्तदाबाचे वरचा व खालचा हे दोन आकडे एकमेकांजवळ सरकणे ही त्याची आगाऊ सूचना. तेथे द्रव कमी पडूनही चालत नाही आणि जास्त होऊनही.

बरे झाल्यावर

नाडी खाली आली, हात उबदार झाले, लघवी होऊ लागली, म्हणजे रुग्ण शॉकमधून बाहेर आला असे आम्ही मानतो. परंतु मूत्रपिंडांनी उपासमार सोसलेली असते, म्हणून घरी जाण्यापूर्वी आणि नंतर एकदा क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी. रक्तस्राव झालेल्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही सुमारे तीन महिने चालू ठेवाव्यात; बहुतेकजण पहिल्या महिन्यातच थांबवतात. आणखी एक गोष्ट, जी आजीबाईंच्या ध्यानात आधी येते आणि डॉक्टरांच्या नंतर : बाळंतपणात मोठा रक्तस्राव होऊन गेलेल्या स्त्रीला दूध उतरलेच नाही, पुढे पाळीही परतली नाही, थंडी सोसवेनाशी झाली व सतत गळून गेल्यासारखे वाटू लागले, तर शॉकच्या वेळी मेंदूलगतच्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झालेली असू शकते. गोळ्यांनी यावर उपचार होतो. अशी लक्षणे असलेल्या भगिनींनी, बाळंतपण कितीही वर्षांपूर्वीचे असले तरी, त्या वेळचे कागदपत्र घेऊन बाह्यरुग्ण विभागात यावे.